पाठभर अक्षरं

कोट लाकडी पुतळ्यावर चढवून झाला, त्याची पाठ खिडकीकडे वळवली, आणि वहिनींनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

"अगं बाई गं! वन्सं, हे काय करून ठेवलंत? केवढं अंगावर येतंय ते!"

आत्याने पुतळ्याच्या खांद्यावरचा दोऱ्याचा तुकडा झटकला. तीन दिवस तिने आणि शिवणखोलीतल्या नऊ जणींनी मान मोडून त्या पाठीवर पाच अक्षरं भरली होती. वीतभर उंच, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ज्या घराने आजवर कोटाच्या आतल्या बाजूलासुद्धा नावाची चिठ्ठी लावली नाही, त्या घरातून दुकानाचं नाव पाठीवर मिरवणारा कोट आज बाहेर पडणार होता, आणि तोही तिच्या हातचा. लाज वाटत होती. पण कामात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, हेही तिला पक्कं माहीत होतं, आणि तेवढ्याचा तिला ताठा होता.

"सांगितलं तसं केलंय," ती म्हणाली. "वीतभर उंच, पाठभर, हातशिलाईची अक्षरं. निरोपात एवढंच होतं."

"अगं, पण किती ते!" धाकटी म्हणाली. ही आत्याची भाची. कापड निवडायला गावोगाव हिंडणारी, जिभेला हाड नसलेली. "आत्या, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल."

"त्यांना तेच हवंय," साहेब म्हणाला.

साहेब म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. दहा वर्षं कुठल्याशा कंपनीत टेबलामागे बसून सहा वर्षांपूर्वी तो घरच्या धंद्यात परत आला, तेव्हा शिवणखोलीतल्या बायकांनी त्याला हे नाव ठेवलं, आणि घरच्यांनीही तेच उचललं. दुकानांशी बोलणी, फोन, तारखा सगळं तो बघायचा. 'त्यांना तेच हवंय' असं तो ऐटीत म्हणाला खरा, पण कोटाकडे त्याने एकदाच बघितलं आणि काही कारण नसताना खिडकीचा पडदा सारखा करायला गेला. आत्याने ते टिपलं.

कापण्याच्या लांब टेबलाच्या त्या टोकाला मास्टर पाठ करून उभा होता. आत्याचा मोठा भाऊ, वहिनींचा नवरा, साहेबाचा आणि धाकटीचा बाप, आणि कात्री हातात धरायला लागल्यापासून सगळ्यांचाच मास्टर. मुलाशी तो चार दिवस बोलत नव्हता. बहिणीशी तीन. त्याच्यासमोर खडूचा एक तुकडा आणि कोरं कापड होतं, आणि सकाळपासून त्या कापडावर एकही रेघ उमटली नव्हती.

खरं सांगायचं तर सहा वर्षांपूर्वी या घराचा भाव वधारला, त्यात घराचं कर्तृत्व काहीच नव्हतं. घर होतं तिथेच होतं. फॅशन हिंडत हिंडत दारात आली, एवढंच. आजोबांपासून इथे एकच काम चालत आलेलं. दुपदरी कापड घ्यायचं, म्हणजे बारीक दोऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवलेले दोन पदर. त्याची कड पातळ पात्याने बोटभर उकलायची, दोन्ही पदर आत दुमडायचे आणि सुईने असे सांधायचे की टाका ना आतून दिसावा ना बाहेरून. अस्तर नाही, चमक नाही, बटणंसुद्धा कापडाच्याच रंगाची. एका कोटाला चार दिवस. शाळेच्या मुख्याध्यापिका, डॉक्टरीणबाई, दोन-चार वकील अशी मोजकी माणसं असा एक कोट शिवून घ्यायची आणि वीस वर्षं घालायची. बाकी जगाला पत्ता नव्हता.

आणि मग एकदम जगाला साधेपणाचं वेड लागलं. ज्यांच्याकडे गडगंज आहे त्यांना ते दाखवायची लाज वाटायला लागली, किंवा लाज वाटते असं दाखवायची हौस आली, कोण जाणे. सायीचा रंग, ओल्या मातीचा रंग, राखेचा रंग. नाव नको, नक्षी नको. ज्याला कळतं त्यालाच कळावं! मोठ्या दुकानाच्या खरेदीबाई जिना चढून वर आल्या, एका कोटाची कड अंगठ्याने चाचपली आणि मटकन खुर्चीत बसल्या. "हे इतकी वर्षं कुठे होतं?" त्यांनी विचारलं. "इथेच," मास्टर म्हणाला. त्या वर्षी शिवणखोलीत चारच्या नऊ जणी झाल्या.

पण साधेपणाचा एवढा गवगवा झाल्यावर तो साधा राहतोय कशाला! बघता बघता कोपऱ्यावरच्या दुकानात सायीच्या रंगाचे यंत्रावरचे कोट लागले. बसमध्ये दहा माणसं चढली तर सात जण राखाडी. लोक येऊन सांगायला लागले, "महाग वाटू नये, पण महाग आहे हे कळावं." गेल्या हिवाळ्यात दुकानात कोटांच्या दोन रांगा तशाच लोंबत राहिल्या. आणि आता वारं पार फिरलं होतं. भडक हवं, चकचकीत हवं, नाव एवढं मोठं हवं की आंधळ्यालाही वाचता यावं. शिवून तयार असलेले ऐंशी कोट दुकानाने अजून उचलले नव्हते. पाठीवर नाव घाला, मगच उचलू, असा निरोप आला.

साहेबाने घरात दोन वाटा मांडल्या होत्या. अक्षरं उमटवायचं यंत्र आणायचं, आणि ते ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून शिवणखोली रिकामी करायची. नाहीतर आत्याच्या बायकांनी ती अक्षरं हाताने भरायची, म्हणजे खोलीला वर्षभराचं काम. शिवणखोलीची मापंसुद्धा तो मागच्या आठवड्यात घेऊन गेला होता. आत्या त्या खोलीत वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून बसत होती. आता त्रेसष्ट. आणि तिच्या आजूबाजूला बसणाऱ्या नऊ जणींपैकी सहा जणींच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मास्टर म्हणाला, नावं घालण्यापेक्षा कात्री खाली ठेवतो. आत्या म्हणाली, तू ठेव, मला नऊ जणींना तोंड दाखवायचंय. आयुष्यात पहिल्यांदा ती भावाशी इतकी कडाडून भांडली आणि सुई घेऊन बसली.

"मी म्हणते, एवढी मोठी कशाला?" वहिनींनी हात खाली घेतले, पण बघत होत्या त्या भिंतीकडे. "जरा लहान केली असती तर चाललं नसतं?"

"आई, परवापर्यंत तूच म्हणत होतीस ना, काळाबरोबर चालावं लागतं?" साहेब म्हणाला.

"म्हणत होते. पण काळ असा पाठीवर बसेल असं नव्हतं वाटलं!"

"म्हणजे आता तूही बाबांच्या बाजूने."

"मी कुणाच्या बाजूने नाही. माझे डोळे दुखतायत."

"वहिनी, उगाच नाटकं नका करू," आत्या म्हणाली. "नऊ जणींनी काम केलंय. त्या पलीकडे ऐकतायत."

धाकटी पुतळ्याभोवती एक चक्कर मारून आली. कोट तिने आतून उलटून बघितला. आत एक धागा दिसत नव्हता. टाका फक्त वरच्या पदरातून गेला होता. "आत्या," ती हळूच म्हणाली, "काम म्हणशील तर वेड लावणारं आहे. भडक आहे ते आहे. पण काम आहे." आणि ती आत्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. टेबलाच्या एका बाजूला त्या दोघी, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि मास्टरची पाठ, आणि मध्ये साहेब, घड्याळ बघत.

अकराला पाच मिनिटं असताना खरेदीबाई आल्या. उंच, घाईच्या, गळ्यात चष्मा. सहा वर्षांत त्यांनी कधी कुणाशी आवाज चढवला नव्हता, हे कबूल करायला हवं. अंगावर त्यांच्या या खेपेला चकचकीत जांभळं जाकीट होतं आणि बाहीवर हाताएवढं नाव.

"झालाय नमुना?"

"हा काय," साहेब म्हणाला.

बाई पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या. चष्मा लावला. पुतळा फिरवून पुढून बघितला, पुन्हा मागून बघितला.

"हा नाही. अक्षरांचा दाखवा."

कुणाला काही कळेना. "हाच," साहेब म्हणाला.

"अहो, पण अक्षरं कुठायत?"

आत्याला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. त्या नाक कापडाला लागेल इतक्या जवळ गेल्या होत्या आणि तिसऱ्या अक्षराच्या बरोबर मधोमध बघत होत्या, आणि त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"इथे," धाकटीने त्यांचा हात धरून बोट अक्षरावरून फिरवलं. "हे बघा, इथून असं खाली."

"अरे देवा," बाई पुटपुटल्या. "आहेत की. लागतायत हाताला." त्यांनी डोकं तिरकं केलं, मग आणखी तिरकं केलं. "दोरा कुठला वापरलात?"

"त्याच कापडाच्या काठातून उपसलेला," आत्या म्हणाली. "दुसरा कुठला वापरणार?"

"म्हणजे सायीच्या कोटावर सायीचीच अक्षरं?"

"टाक्याचा कलसुद्धा कापडाच्या विणीबरहुकूम ठेवलाय. नाहीतर कापड ओढलं जातं." बोलता बोलता आत्याच्या लक्षात आलं आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दोरा कुठल्या रंगाचा, हे निरोपात नव्हतं. आणि घरातल्या एकाही माणसाला ते विचारावंसं वाटलं नव्हतं! तीन दिवस नऊ बायका, साहेब, धाकटी, वहिनी, सगळे त्या अक्षरांकडे बघून कानकोंडे झाले होते. एकालाही वाटलं नाही की ती बाहेरच्या माणसाला दिसायचीच नाहीत. तीन पिढ्या हा आंधळा, न दिसणारा टाका बघून बघून या घरातल्या माणसांचे डोळेच वेगळे झाले होते.

वहिनींना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. टेबलाच्या टोकाला मास्टर पहिल्यांदाच वळला.

"हसू नका हो," बाई म्हणाल्या, पण रागावल्या नव्हत्या. "मला नाही दिसलं, तर गिऱ्हाइकाला काय दिसणार? लोकांना आता दिसायचंय. मला विचाराल तर मला तुमचा साधा कोटच आवडतो. पण माझ्या आवडीवर दुकान चालत नाही." त्यांनी पर्समधून लाल रिबिनीचं रीळ काढलं. "हे असं पाहिजे. थांबा, दाखवते."

आणि त्यांनी टेबलावरच्या टाचण्या उचलल्या आणि रिबिनीचा एक लांब तुकडा पाठीवर ठेवून खचाखच टोचायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आरपार, दोन्ही पदरांमधून.

साहेबाचा हात आपसूक पुढे झाला. "बाई, तशी नका टोचू! दोन पदर आहेत ते, वीण फाकेल."

"नमुनाच तर आहे."

"असू दे. थांबा." तो एकेक टाचणी काढायला लागला. तिसरी निघाली तिथे कापडात बारीकसं भोक राहिलं होतं. त्याने नखाने ते धागे पुन्हा जवळ सरकवले, फुंकर घातली, पुन्हा सरकवले. आत्या बघत राहिली. हे त्याला कुणी शिकवलं? सोळाव्या वर्षी या टेबलावरून उठून जो गेला, त्याने सुईला हात लावलेला तिला तरी आठवत नव्हता.

पण ही वेळ कौतुकाची नव्हती. खोली हातातून चालली होती.

"लाल दोऱ्याने भरून देते मी," ती म्हणाली. "जाड. उठून दिसेल असं. दुसरा नमुना आठ दिवसांत तुमच्या टेबलावर."

"अगं!" मास्टर म्हणाला. तीन दिवसांनी बहिणीशी बोललेला हा पहिला शब्द.

"तू मध्ये पडू नकोस, दादा."

बाईंनी क्षणभर विचार केला. "चालेल. यंत्र काय, हात काय, मला काही फरक पडत नाही. लाल मात्र हवं. ऐंशीच्या ऐंशी."

आत्याचा जीव भांड्यात पडला. वाचली खोली. लाल तर लाल. ती 'बरं' म्हणणार, तेवढ्यात साहेब बोलला.

"नाही जमणार, बाई."

"काय?"

"यंत्राने नाही, हाताने नाही. अक्षरं नाही घालणार आम्ही." त्याने हातातल्या टाचण्या टेबलावर ठेवल्या. "साधे न्यायचे असतील तर ऐंशी कोट तयार आहेत. आत्ता गाडीत भरून देतो."

"साधे मी नाही नेऊ शकत, हे तुम्हाला माहीत आहे. कालपर्यंत तुम्हीच माझ्याशी यंत्राचं बोलत होतात."

"बोलत होतो. मला वाटायचं, या घरात वेळ ओळखणारा मी एकटाच." त्याने कोटाकडे बघितलं. "पण मलाही ती अक्षरं दिसत होती, बाई. लख्ख. सकाळपासून तिकडे बघवत नव्हतं. तुम्हाला फरक पडत नाही ना? मला पडतो. आजच कळलं."

बाईंनी रीळ पर्समध्ये टाकलं. वाद घातला नाही. जाताना पुतळ्यापाशी थबकून त्यांनी कोटाची कड एकदा अंगठ्याने चाचपली, मान हलवली, आणि त्यांचे बूट जिना उतरत गेले.

दार लागलं मात्र, आत्याचा बांध फुटला.

"शहाण्या! कुणी सांगितलं होतं तुला मध्ये तोंड घालायला? मी कबूल केलं होतं ना? नऊ जणींचं पोट आहे त्यावर! तुला काय, आज बाणा दाखवलास, उद्या पुन्हा कुठेतरी जाऊन टेबलामागे बसशील!"

"नाही बसणार."

"मग करणार काय?"

"ऐंशी कोट आहेत. एक अंगात घालतो, बाकीचे घेऊन निघतो. जिथे जिथे थंडी पडते तिथल्या एकेका शिंप्याकडे, एकेका दुकानात जातो. फॅशन यायच्या आधी आपण शिवतच होतो की, आत्या. चार जणी होत्या तेव्हा. उपाशी नव्हत्या."

"चार होत्या! आता नऊ आहेत!" ओरडता ओरडता तिला रडू फुटलं, आणि ते रागाचं राहिलं नव्हतं हे तिलाही कळत होतं. ज्या पोराला आपण सहा वर्षं उपरा समजत आलो, त्याने आपल्याला जे जमलं नाही ते करून दाखवलं. तिला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. तिने डोळे पुसले. "हे बघ. नाही तू म्हणालास. आता आत जाऊन तूच सांग त्यांना. मी नाही सांगणार."

साहेबाचा चेहरा उतरला. पण तो गेला.

शिवणखोली पलीकडेच. खिडकीलगत लांब बाक, नऊ जणी आणि आत्याची रिकामी जागा. एकीचीही सुई चालत नव्हती. मधल्या भिंतीतून शब्दन्‌शब्द ऐकू येतो, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी साहेब मध्ये उभा राहिला आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोठं काम गेलं. आत्या लाल दोऱ्यानेसुद्धा शिवायला तयार होत्या, घालवलं ते मी. पुढच्या आठवड्यापासून कोट विकले जाईपर्यंत आठवड्याला तीनच दिवस काम. यंत्र मात्र येत नाही, ही खोली तुमचीच आहे.

मग सगळ्यांत जुन्या मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, खरं सांगू? तीन दिवस ती अक्षरं डोळ्यांत खुपत होती आमच्या."

"मग बोलायचं ना, मावशी!"

"ताईंनी भरायला घेतली होती. बोलणार कोण? जिवावर उदार व्हायचं होतं का?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. पण खिडकीपाशी बसलेली सगळ्यांत तरुण बाई हसली नाही. तिने अंगुस्तान बोटातून काढून बाकावर ठेवलं.

"मला तीन दिवसांत नाही भागायचं, साहेब. दोन लेकरं आहेत. यंत्रावर कोट शिवतात ना, त्या कारखान्यात मला बोलावतायत. मी जाईन."

दारातून आत्या पुढे आली. सहा वर्षं तिने या मुलीचा हात धरून तिला कड उकलायला शिकवली होती.

"जा बाई," आत्या म्हणाली. "आनंदाने जा. तिकडे एक टाका घातलास की विचारतील, कुठे शिकलीस म्हणून. मान वर करून सांग."

"सांगेन, ताई." ती उठली. "आणि नऊचं काम पुन्हा आलं तर?"

"तर साहेब स्वतः येईल तुला न्यायला," आत्या म्हणाली, आणि साहेबाने जोरजोरात मान हलवली.

"आणि विकलेच गेले नाहीत कोट, तर?" मावशींनी विचारलं.

"तर इथेच उभा राहून सांगेन, मावशी. दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही."

मावशींनी त्याला खालून वर न्याहाळलं, चष्मा खाली ओढला आणि सुई हातात घेतली. एकेक करून बाकीच्या जणीही वळल्या.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. मास्टर आला होता. या माणसाने आयुष्यात कुणाला शाबासकी दिली नव्हती. काम चांगलं झालं की तो नुसता पुढच्या कापडाकडे वळायचा, आणि ज्याला समजायचं त्याने समजायचं. मुलगा परत आला तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता, की दार लावून घे. आत्ता तो उंबऱ्यात उभा राहिला आणि साहेबाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. दोघांनाही त्याची सवय नव्हती, त्यामुळे तो हात जरा वेडावाकडाच पडला.

"हा माझा मुलगा आहे," मास्टर म्हणाला.

ऐकायला नऊच्या नऊ जणी होत्या, दारात वहिनी होत्या, धाकटी होती, आत्या होती, आणि त्यातल्या एकीलाही ते नवीन नव्हतं. मास्टरने सगळ्यांकडे एकदा बघितलं, कुणाला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून की काय, आणि अख्ख्या मजल्यावर घुमेल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "माझा मुलगा!"